अक्षर दिसतंय, पण अक्षर उरलं नाही

कोल्हापुरात लग्नपत्रिकांच्या दुकानात बसणाऱ्या काकांच्या कीबोर्डवर एफ ८ या बटणावरचं नाव पुसून गेलंय. सी आणि ई ही दोन अक्षरंही गेलीत, पी अर्धं उरलंय. बाकीची बटणं धुळीनं माखलेली आहेत, पण त्यांच्यावरची नावं अजून ठळक आहेत. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याला एवढ्यावरून दुकानात काय चालतं ते कळेल. एफ ८ दाबलं की मजकूर लिहिता येतो. दोन ओळी निवडून सी दाबलं की त्या एकाच उभ्या मध्यरेषेवर येतात, ई दाबलं की आडव्या मध्यरेषेवर, आणि पी दाबलं की सगळं पानाच्या बरोबर मधोमध. लग्नपत्रिकेत गणपतीपासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सगळं मधोमधच असतं. वीसेक वर्षं ती बोटं त्याच चार बटणांवर पडत आली होती.

कोल्हापुरातल्या त्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या वहीत या बटणांबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मी पडद्याकडे बघत होते. हातांकडे बघायला हवं हे मला फार उशिरा कळलं.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी तेव्हा कामाला होते. पत्रिका, बिलबुकं, हॅंडबिलं, फ्लेक्स अशा कामांसाठी आम्ही एक डिझाइन सॉफ्टवेअर बनवत होतो. ते वापरायला किती सोपं, किती अवघड हे तपासायचं आणि जिथं अडतं तिथं नव्यानं मांडायचं, हे माझं काम. कॉलेजात मी हे शिकले होते. सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करावं याचे अभ्यासक याकोब नील्सन, त्यांचे १९९४ सालचे दहा नियम मला पाठ होते. यंत्रात काय चाललंय ते माणसाला दिसत राहिलं पाहिजे, हा पहिला. माणसाच्या ओळखीच्या शब्दांत बोललं पाहिजे, हा दुसरा. चुकलं तर मागं फिरायला वाट हवी, हा तिसरा. हे नियम आजही मला मोलाचे वाटतात. पण ते नियम घेऊन ऑफिसात बसून मी जी पहिली नवी मांडणी केली, त्यातली एक गोष्ट एका घराला फार दुखावून गेली. ती सांगायची म्हणून हे लिहायला बसले.

त्याआधी काकांबद्दल थोडं सांगायला हवं. ते या धंद्यात आले तेव्हा संगणक नव्हता. मजकूर ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, यायचा, आणि काचेच्या टेबलावर, खालून दिवा लावून, ब्लेडनं ओळी कापून त्या पानावर चिकटवायच्या. एखादी वेलांटी राहिली तर दुसऱ्या तुकड्यातून वेलांटी कापून आणायची, ब्लेडच्या टोकावर धरून जागेवर बसवायची. “हात हलला तर ‘पिता’चा ‘पता’ व्हायचा बघा,” ते म्हणाले होते. त्यानंतर संगणकावर पान मांडायचा पेजमेकर आला, मग कोरल. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, पण मराठी छापखान्यांत तो त्यानंतर कितीतरी वर्षं चालत राहिला, कारण सगळ्यांच्या जुन्या फाइली आणि जुने फॉन्ट त्यातच होते.

हे जुने फॉन्ट समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, सगळीकडे रुळण्याआधी मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट मराठी म्हणून डोळ्याला मराठी दिसायचं. तीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली आणि तिथं तो फॉन्ट नसला, की ‘चि. सौ. कां.’च्या जागी कंसांची आणि आकड्यांची खिचडी. म्हणून छापखान्यात फाइल पाठवण्याआधी ती ‘कर्व्ह’ करायची पद्धत पडली. कर्व्ह करायचं म्हणजे अक्षराचं अक्षरपण काढून घ्यायचं आणि त्याचा नुसता आकार ठेवायचा. फॉन्ट असो वा नसो, आकार तसाच छापला जातो. कोरलमध्ये कंट्रोल क्यू दाबलं की झालं. ‘कर्व्ह करून पाठवा’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याला, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडणाऱ्याला, विचारा, त्यानं ते हजारदा ऐकलेलं आणि म्हटलेलं असतं.

पण कर्व्ह केलेल्या फाइलीत चूक सापडली तर ती टाइप करून दुरुस्त करता येत नाही. तिथं टाइप केलेलं काही उरलेलंच नसतं. म्हणून काकांच्या संगणकावर प्रत्येक कामाच्या दोन फाइली असायच्या. एक ‘पाटील लग्न ओके’, दुसरी ‘पाटील लग्न ओके कर्व्ह’. ही शिस्त त्यांना कुणी शिकवली नव्हती. कधीतरी हात पोळले असणार.

माझ्या पहिल्या मांडणीत मी मेनू आवरले, सारखी कामं एकत्र आणली, चित्रं स्वच्छ केली. आणि सगळ्या बटणांना मराठी नावं दिली. या कामाचा मला फार अभिमान होता. इंग्रजी शब्दांची भीती वाटून लोक मागे राहतात असं मला मनापासून वाटायचं, अजूनही काही ठिकाणी वाटतं. ‘कर्व्ह’ हा शब्द मला परका आणि तांत्रिक वाटला. त्याच्या जागी मी लिहिलं, ‘छपाईसाठी तयार करा’. ते बटण दाबलं की सॉफ्टवेअर सगळा मजकूर कर्व्ह करायचं, कडेच्या कापणीच्या खुणा टाकायचं आणि फाइल सेव्ह करायचं. तीन कामं एका बटणात. ऑफिसात सगळ्यांना ते आवडलं.

मग ते घेऊन आम्ही दुकानांत गेलो. लोकांना काय वाटतं ते मोजायला आमच्याकडे एक प्रश्नावली होती, जॉन ब्रुक यांनी १९८६ साली तयार केलेली, जगभर वापरली जाते ती. दहा विधानं, प्रत्येकाला ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत पाच पायऱ्या. विधानं आलटून पालटून येतात, एक कौतुकाचं, एक तक्रारीचं. हे सॉफ्टवेअर मला वारंवार वापरायला आवडेल, हे सॉफ्टवेअर उगाच गुंतागुंतीचं आहे, असं. काकांनी कागद घेतला, चष्मा पुसला आणि दहाही विधानांपुढे ‘पूर्ण पटतं’वर खूण करून कागद परत दिला. “चांगलंय की मॅडम. पुण्यासनं आलाय तुम्ही.” या प्रश्नावलीचं गणित असं आहे, की सगळीकडे ‘पूर्ण पटतं’ म्हटलं तर कौतुकाचे सगळे गुण मिळतात, तक्रारीचे सगळे जातात आणि शंभरापैकी बरोबर पन्नास उरतात. त्या दौऱ्यात आम्हाला हे पन्नास पुन्हा पुन्हा मिळाले. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला, त्यातून चहा प्यायलेल्या माणसाला, तुमची वस्तू वाईट आहे असं कुणी सांगत नाही. ही भीड आहे आणि मला ती सुंदर वाटते. पण तिच्यातून सॉफ्टवेअरबद्दल काही कळत नाही.

तेव्हा मी ठरवलं, की विचारायचं नाही, बसायचं. लग्नसराईच्या ऐन दिवसांत चार दिवस काकांच्या मागे प्लास्टिकच्या स्टुलावर. त्यांच्या हातात आमचं नवं सॉफ्टवेअर, माझ्या हातात वही. बोलायचं नाही, मदत करायची नाही, ‘ते वर उजवीकडे आहे’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. हा शेवटचा नियम पाळणं किती जड जातं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. समोर साठीचा माणूस बाण घेऊन पडदाभर शोधत असतो, जिभेनं ‘च्’ करतो, आणि आपल्याला जागा ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी मला ते वर्तुळ दिसलं. काकांना टाइपरायटरच्या पद्धतीची सवय. तिथं अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं उमटवायची, म्हणजे ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर. रफार उलट, अक्षर झाल्यावर त्याच्या डोक्यावर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो. क आधी, वेलांटी मागून. काकांनी आधी वेलांटी दाबली तर सॉफ्टवेअरनं ती ठेवायला एक ठिपक्यांचं वर्तुळ काढून दाखवलं. वेलांटीला बसायला अक्षर नाही, एवढंच ते वर्तुळ सांगत होतं. काकांना वाटलं यंत्र काहीतरी विचारतंय. ते थांबले. माझ्याकडे वळले. मी वहीत बघितलं. त्यांनी पुन्हा वेलांटी दाबली, पुन्हा वर्तुळ. शेवटी त्यांनी जुनं कोरल उघडून तिथं ते नाव लिहिलं आणि तसंच इकडे आणून चिकटवलं. मी वेळ नोंदवली, चार मिनिटं. ‘किशोर’ या एका नावाला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेआठला दोघं जण दुकानात आले. एक मध्यमवयीन माणूस आणि त्याचा पुतण्या. पत्रिका आदल्या दिवशी झाली होती, सकाळी ऑफसेटला जायची होती. नवऱ्या मुलाचे चुलत आजोबा त्या दुपारी गेले. मुहूर्त पुढं ढकलता येत नव्हता, लग्न घरातल्या घरात करायचं ठरलं होतं, पण पत्रिकेत निमंत्रकांच्या नावांत त्यांचं नाव होतं. ‘श्री.’च्या जागी ‘कै.’ करायचं होतं आणि नाव त्या यादीतून काढून वर घ्यायचं होतं. तो माणूस हे सांगताना दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

काकांनी फाइल उघडली. एफ ८ दाबून नावावर टिचकी मारली. काही झालं नाही. परत मारली. दोनदा पटापट मारली, तेव्हा प्रत्येक अक्षराभोवती बारीक बारीक चौकोन उगवले. काका मागं सरकले.

“कर्व्ह झालंय.”

आदल्या दिवशी त्यांनी माझं बटण दाबलं होतं. छपाईसाठी तयार करा. त्या शब्दांत कर्व्हचा मागमूस नव्हता, म्हणून त्यांची दोन फाइलींची सवय जागीच झाली नाही. कंट्रोल क्यू दाबायची वेळ आली असती तर बोटं आपोआप आधी वेगळी प्रत ठेवायला गेली असती. माझ्या बटणानं त्यांना तेवढंही थांबवलं नाही आणि तीच एकुलती एक फाइल सेव्ह करून टाकली. फाइल एकदा बंद झालेली, मागं फिरायची वाटही गेलेली. पडद्यावर सगळी नावं जशीच्या तशी दिसत होती, सुवाच्य, ठळक. त्यातलं एकही आता अक्षर नव्हतं.

काकांनी ते काम ब्रोमाइडच्या पद्धतीनं केलं. दुसऱ्या एका पत्रिकेतून ‘कै.’ उचलला, तो मोठा होता म्हणून लहान केला. ‘कै.’ला ‘श्री.’पेक्षा जागा कमी लागते, म्हणून पुढचं नाव अक्षर अक्षर डावीकडे ओढलं. मग ती ओळ वर नेली, खालच्या ओळी सावरल्या. पाऊण तास. तो माणूस बाकावर बसून होता, त्यानं एकदाही किती वेळ लागेल असं विचारलं नाही. पुतण्या बाहेर फोनवर कुणाला तरी स्मशानातून निघालात का विचारत होता. काकांनी त्या दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत.

ते गेल्यावर काका मला म्हणाले, “माझंच चुकलं, ताई. आधी बघायला पायजे होतं.”

मॅडमची ताई झाले ती त्या वाक्यात. मी त्यांना सांगितलं, काका, तुमचं काही चुकलं नाही, ते बटण मी केलंय. त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. यंत्रापुढे बसलेला माणूस चूक आपल्याच अंगावर घेतो, हे मी त्याआधी आणि त्यानंतरही प्रत्येक दुकानात ऐकलं. पण त्या रात्री एस. टी. स्टॅंडवर बसून वहीत मी एवढंच लिहिलं, नियम दुसरा. माणसाच्या ओळखीच्या शब्दांत बोला. मी तो नियम मराठीत बोला असा वाचला होता. काकांच्या ओळखीचा शब्द कर्व्ह होता. तो कुठून आला याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या हातांनी तो वीस वर्षांत आपला केला होता, जसा त्याआधी ब्रोमाइड केला, प्लेट केला, प्रूफ केला. मी त्यांचा शब्द काढून माझा ठेवला.

पुण्याला परतल्यावर मी अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांच्याबद्दल पुन्हा वाचलं. कॉलेजात ते परीक्षेपुरते वाचले होते. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात त्या काळी ब्राव्हो नावाचा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम होता. त्यात बटणं कधी आज्ञा असायची, कधी अक्षरं. आज्ञेच्या अवस्थेत असताना कुणी चुकून ‘एडिट’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला, तर पहिल्या अक्षरानं सगळा मजकूर निवडला जायचा, दुसऱ्यानं तो पुसला जायचा, तिसऱ्यानं लिहायची अवस्था सुरू व्हायची आणि शेवटचं टी तेवढं पडद्यावर उमटायचं. अख्ख्या लेखाच्या जागी एक टी. हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. कोणत्या अवस्थेत आहोत ते पडद्यानं सांगितलंच नाही, की असंच होतं. आमच्याकडे अक्षर आणि अक्षराचा आकार ही दोन रूपं डोळ्याला एकच दिसत होती.

टेस्लर आणि त्यांचे सहकारी टिम मॉट यांनी मग गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनासाठी नवा प्रोग्रॅम केला, जिप्सी, १९७५ च्या सुमारास. त्यासाठी ते मॅसॅच्युसेट्समधल्या त्या संपादकांचं काम कसं चालतं ते बघायला गेले. संपादक कागद कात्रीनं कापत आणि चिकटवत. म्हणून प्रोग्रॅममध्येही कापा आणि चिकटवा आलं, आज ज्याला आपण कट-पेस्ट म्हणतो ते. अवस्था बदलायची गरज न पडता दोन अक्षरांच्या मध्ये टिचकी मारायची आणि लिहायला लागायचं, ही आज श्वासासारखी वाटणारी गोष्ट त्या प्रोग्रॅममध्ये होती. टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत गेले. मी ही हकिकत पुढच्या खेपेला काकांना सांगितली. ते म्हणाले, “मग त्यांनी आमचंच बघून केलं की. ब्लेड आणि डिंक.” खरंच तसं म्हणता येईल. ब्लेडनं ओळी कापणारी माणसं तिकडेही होती आणि इकडेही.

ऑफिसात मी सांगितलं तेव्हा पहिली सूचना आली ती इशाऱ्याची चौकट टाकण्याची. ‘सर्व मजकूर कर्व्ह होईल, पुढे जायचं का?’ मी माझी वही उघडून दाखवली. एका दिवसात काकांनी अशा अकरा चौकटी एंटर दाबून घालवल्या होत्या, एकही न वाचता. गिऱ्हाईक समोर उभं असताना कुणी वाचणार नाही. मी हट्ट धरला, की हा निर्णय माणसावर टाकायचाच नाही. बटणाचं नाव झालं ‘कर्व्ह करून पाठवा’. ते दाबलं की मूळ फाइलीला हात लागत नाही, कर्व्हची वेगळी प्रत तयार होते, नावाच्या शेवटी ‘कर्व्ह’ जोडून, म्हणजे काका ठेवायचे अगदी तसंच. आणि ती प्रत कुणी उघडली तर वर एक पिवळी पट्टी दिसते, ‘ही कर्व्ह फाइल आहे, मजकूर बदलायचा तर मूळ फाइल उघडा’, शेजारी ती उघडणारं बटण. काकांची शिस्त आम्ही फक्त सॉफ्टवेअरला शिकवली.

बटणांच्या जागांवरून जास्त वाद झाला. सी, ई, पी, एफ ८ हे दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचे, आपण आपले वेगळे ठेवू, असं काहींचं म्हणणं होतं. नव्यानं शिकणाऱ्याला त्यात काही अर्थ लागत नाही, हेही खरं होतं. तेव्हा मी ब्लेंडरचं उदाहरण दिलं. थ्रीडी कामाचं ते मुक्त सॉफ्टवेअर, नेदरलँड्समध्ये जन्मलेलं. त्यात पहिल्यापासून वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण दाबावं लागायचं. बाकी सगळं जग डाव्या बटणानं निवडतं, त्यामुळे नवी माणसं पहिल्याच मिनिटाला अडायची. जुन्यांचा हात मात्र उजव्यावर इतका बसलेला, की त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. अखेर ३० जुलै २०१९ ला २.८० ही आवृत्ती आली. त्यात डावं बटण हीच रीत ठरवली, अवजारं चित्रांसह डाव्या कडेला आणली, पण पहिल्यांदा उघडल्यावर सॉफ्टवेअर विचारतं, निवडायला कोणतं बटण हवं? उजवं म्हटलं तर उजवं. मला यात फार माणुसकी दिसते. नव्या माणसाला दार उघडून दिलं आणि जुन्याची खुर्ची हलवली नाही.

आमच्याकडेही तसं झालं. पहिल्यांदा उघडल्यावर एकच प्रश्न, आधी कशावर काम करत होता? त्याप्रमाणे बटणं. आणि टायपिंगलाही तसंच, टाइपरायटरची पद्धत हवी की उच्चाराची. हे दुसरं अर्धवटच झालं, त्याचं पुढं सांगते.

पुढच्या मार्गशीर्षात मी परत गेले. दुकानात आता काकांचा भाचा कामाला होता. त्याला जुनी बटणं माहीत नव्हती, तो सगळं चित्रांवर टिचकी मारून करत होता आणि त्याचं काम चाललं होतं. काका शेजारच्या संगणकावर. सी, ई, पी. बोटं तीच. एक पत्रिका झाली, त्यांनी ‘कर्व्ह करून पाठवा’ दाबलं, आणि मग मूळ फाइल उघडून तिची आणखी एक प्रत हातानंच सेव्ह केली. ‘ओके फायनल’.

मी गप्प बसायचा नियम मोडला. विचारलं, काका, आता ती करायची गरज नाही, सॉफ्टवेअर ठेवतंय की.

“ठेवतंय ते दिसलं,” ते म्हणाले. “पण त्या रात्रीचं डोक्यातनं जात न्हाई बघा.”

मी काही बोलले नाही. त्यांनी पुढची पत्रिका घेतली. वधूचं नाव ‘अर्चिता’. च, त्याच्या आधी वेलांटी, डोक्यावर रफार. वेलांटीचं आता नीट होत होतं. रफार दाबला आणि ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं.

“ताई,” पडद्यावरची नजर न काढता काका म्हणाले, “हे वेलांटीचं घालवलंत. रफाराचं कधी घालवणार?”

मी स्टूल पुढं ओढलं आणि वहीचं नवं पान काढलं. “परत एकदा दाबा,” म्हटलं, “आता सावकाश.”